हमरापूरचा गंधार

पेणच्या माझ्या घराच्या जिन्यापाशी एकतीस वर्षं एक पाटी होती. 'व्हायोलिन शिका. वयाची अट नाही.' पाटी रंगवणाऱ्याने जन्मात व्हायोलिन पाहिलं नव्हतं, त्यामुळे अक्षरांच्या शेजारी त्याने हौसेने काढलेलं वाद्य तंबोऱ्याचं धाकटं भावंड वाटायचं. मी ते बदलून घेतलं नाही. त्यापायी कुणी यायचं थांबलं असं झालं नाही. आज ती पाटी माझ्या पलंगाखाली पडून आहे. ती का उतरवली हे लोक विचारतात आणि मी मनगटाचं दुखणं सांगते. मनगट दुखतं हे खरंच आहे, पण पाटी त्याच्यामुळे उतरली नाही.

'वयाची अट नाही' हे मी काही उदार मनाने लिहिलं नव्हतं. आमच्याकडे मुलं तबला-पेटीला जातात. व्हायोलिनला येतात ती मोठी माणसं, आणि तीही चोरून आल्यासारखी. एक निवृत्त एसटी कंडक्टर पहिल्या दिवशी जिन्यावरून तीनदा खाली उतरून परत वर आले होते. रोह्याच्या एक बाई केमिकल कंपनीत तीस वर्षं शिफ्ट करून घरी बसलेल्या. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्या कपड्यांच्या कपाटात बसून रियाज करायच्या. साड्या आवाज शोषून घेतात, हा शोध त्यांचाच. सहा महिन्यांनी त्या कपाटाबाहेर आल्या आणि आता रोह्यात त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणी त्यांना नावं ठेवत नाही, निदान तोंडावर तरी.

ज्यांना या वाद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेटीवर पट्ट्या असतात. पट्टी दाबली की तोच सूर वाजणार, तुमचं नशीब कितीही फुटकं असलं तरी. व्हायोलिनची पट्टी मात्र नुसती काळीभोर आणि कोरी. कुठे सा आणि कुठे ग, काही लिहिलेलं नाही. बोट केसभर सरकलं की सूर गेला. म्हणून पहिले दोन महिने मी डाव्या हाताला काही कामच देत नाही. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, दुसरं टोक छातीशी, गजाला राळ लावायची आणि मोकळी तार सरळ ओढत राहायची. दोन महिने घरात बिजागऱ्या कुरकुरल्यासारखा आवाज येतो. जो एवढं सोसतो त्याच्या पट्टीवर मी बाजारातल्या साध्या टिकल्या लावते: ही रे ची, ही ग ची, ही म ची. पन्नाशीच्या पुरुषांना टिकल्यांची लाज वाटते. तीन महिन्यांनी टिकल्या काढते, तेव्हा तेच पुरुष रडकुंडीला येतात.

टिकल्या काढल्यावर काय? त्यासाठी माझ्याकडे एक जुनं व्हायोलिन होतं, तिला आम्ही भिंतीवरची म्हणायचो. तिच्या पोटाला चीर गेलेली, वाजवण्याजोगी राहिली नव्हती, पण तारा धरायची. तिला मी खिळ्याला टांगून ठेवलं आणि तिची एक तार सा ला, एक प ला आणि एक गंधाराला म्हणजे ग ला लावली. शिकणाऱ्याचा गंधार अचूक लागला की भिंतीवरची ती तार आपोआप घुमते, कुणी हात न लावता. चुकला तर ती गप्प. यात जादू काही नाही. दोन तारा एकाच सुराला असल्या की एक हलली की दुसरी हलते, शाळेत विज्ञानाचे मास्तर हेच शिकवतात. पण पहिल्यांदा ऐकताना माणूस दचकतो. मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत आले: "सूर बरोबर लागला की सोबतचा बोलतो." हे वाक्य मी किती फुशारकीने बोलायचे ते आठवलं की आता बरं वाटत नाही.

हिराजीभाऊ आले ते एका दिवाळीनंतर. उंच, अंगात पांढरा सदरा, नखांच्या कडांना रंग. त्यांनी पाटीवर नाक टेकवून ती वाचली, तेव्हा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "बाई, वयाची अट नाय लिवलंय. डोल्यांची अट हाय काय?"

हमरापूरला त्यांचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. हिराजीभाऊ मूर्तीची आखणी करायचे, म्हणजे डोळे काढायचे. साचा, घासकाम, रंग, दागिने ही सगळी कामं घरातलं कुणीही करतं. डोळे मात्र एकाच हाताने व्हायचे. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांनी दुसरं काम केलं नव्हतं. आणि आता काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल. समोरचं दिसायचं ते बांबूच्या नळीतून पाहावं तेवढंच, असं ते म्हणाले. मागच्या हंगामापासून आखणी त्यांची सून सुगंधा करत होती. मुलगा कंपनीत शिफ्टला. हिराजीभाऊ शेडच्या दाराशी स्टुलावर बसून राहायचे आणि त्यांना त्या स्टुलाची भीती वाटायला लागली होती. अंधारात हाताला काहीतरी हवं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पेटी नको, कारण पेटी बघून वाजवतात असा त्यांचा समज होता.

मी त्यांना घेतलं. खरं सांगायचं तर असा हात मला पुन्हा मिळाला नाही. एका श्वासात भुवईची रेघ ओढणारा माणूस. त्याचा गज पहिल्या आठवड्यात सरळ चालला. टिकल्यांचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून मी त्यांना भिंतीवरचीच्या हवाली केलं. ते बोट सरकवत सरकवत जायचे आणि भिंतीवरची घुमली की थांबायचे. दर गुरुवारी सुगंधा त्यांना गाडीत बसवून द्यायची, हमरापूर ते पेण एकच तर स्टेशन. आषाढ लागेपर्यंत त्यांचा सा, रे, प पक्का झाला होता. गंधारावर घोडं अडलं. एका गुरुवारी त्यांनी गंधार लावला आणि भिंतीवरची गप्प राहिली. मी म्हटलं, जरा वर. त्यांनी मान हलवली आणि बोट तिथेच ठेवलं. पुढच्या गुरुवारी तेच. गंधार खाली, केसभरच खाली, पण रोज मोजून ठेवल्यासारखा त्याच जागी खाली. नवशिक्याची चूक रोज वेगळी असते. चूक जागची हलत नसली तर ती कुणीतरी शिकवलेली असते, हे मी अनुभवाने सांगू शकते. मी विचारलं, घरी कुणाचं ऐकता?

ते म्हणाले, "घरी पन सोबतचा हाय ना, बाई. तो बोलतो."

मला वाटलं शेडचा पत्रा घुमत असेल. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी हमरापूरला गेले.

गणपतीच्या कारखान्यात आमच्या भागातली माणसं लहानपणापासून जातात, मीही गेले होते. पण डोळे काढायच्या आधीच्या दिवसांत कधी आत उभी राहिले नव्हते. शेडभर मूर्ती. सोंडा रंगलेल्या, पितांबरं पिवळी, मुकुट सोनेरी, आणि जिथे डोळे असायचे तिथे पांढरं. तीनशे तरी असतील. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, पण पाहत कुणीच नव्हतं. मी पदर सावरून भिंतीच्या कडेने चालले, उगाचच.

हिराजीभाऊंनी मला त्यांच्या घराण्याचा नेम सांगितला. डोळे काढेपर्यंत ती माती. डोळे काढले की देव. म्हणून डोळे काढताना मूर्तीच्या समोर माणसाने उभं राहायचं नाही. समोर पाण्याचा तांब्या ठेवायचा. पहिली नजर पाण्यावर पडली पाहिजे. माणसावर पडली तर ती काहीतरी ठेवून घेते, असं त्यांचे आजोबा सांगायचे. काय ठेवून घेते, ते आजोबांनी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी व्हायोलिन घेतलं आणि मांडी घातली. सा ओढला, काही नाही. रे, काही नाही. मग त्यांचा तो उतरलेला गंधार. आणि तिसऱ्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात तोच गंधार धरला.

माझ्या हातावर काटा आला हे मी लपवत नाही. पण मी शिकवणारी बाई. पाच मिनिटांत मी स्वतःला सावरलं. आवाज एका दोन फुटी मूर्तीतून येत होता. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ असते, बुडाशी उघडी. रिकाम्या माठाच्या तोंडाशी हाक मारली तर तो एका ठरावीक सुराला घुमतोच, तसंच हे. मी हिराजीभाऊंना ते समजावून सांगितलं आणि पटवण्यासाठी सुगंधाला त्याच साच्यातली आणखी एक मूर्ती शेजारी आणून ठेवायला लावली. साचा एक, उंची एक, पोकळी एक, तेव्हा ती घुमायलाच हवी. ती घुमली नाही. तिसरी आणली. तीही नाही. हिराजीभाऊ गज ओढत होते आणि ती एकटीच बोलत होती. मी जाडीत फरक असेल असं काहीतरी म्हटलं. सुगंधाने दोन्ही मूर्ती उचलून परत जागेवर नेऊन ठेवल्या.

परत निघताना तिने मला शेडच्या मागे गाठलं. तिची अडचण वेगळीच होती. ती मूर्ती रोह्याच्या कमलताईंनी बुक केलेली. या कमलताई म्हणजे ज्यांच्या ओटीवर मी दर मंगळवारी रोह्याचा वर्ग घ्यायचे त्याच; त्यांच्याकडचा गणपती वर्षानुवर्षं हिराजीभाऊंच्या शेडमधून जातो आणि त्याचे डोळे हिराजीभाऊंनीच काढलेले असतात. चतुर्थी तीन आठवड्यांवर आली होती. हिराजीभाऊ त्या मूर्तीला डोळे काढत नव्हते आणि सुगंधालाही काढू देत नव्हते.

"आबा बोलतात, माज्या डोल्यांत एकच जोडी उरलीय, ती त्याचीच. पन तो बोलतोय तवर काढायची नाय," सुगंधा म्हणाली. "नजर रोज कमी होते, बाई. अजून पंधरा दिवसांनी त्यांना रेघ दिसायची नाय. मंग त्यांच्या हातनं ती जोडी राहील ती राहीलच. तुमचा ऐकतात ते. जरा समजवा."

मी समजावायला हवं होतं. बसून, शांतपणे, जसं बोलायचं तसं. पण माझं डोकं गंधारावर अडलं होतं. एकतीस वर्षांत माझा एकही विद्यार्थी चुकीच्या गंधाराने बाहेर पडला नव्हता आणि आता एक प्लास्टरची मूर्ती माझ्या विद्यार्थ्याला शिकवत होती. मी सुगंधाला म्हटलं, तुझंही काम होईल आणि माझंही. तिच्याकडे धूळ पुसायला माझ्याच साडीचे तुकडे होते, मीच जुन्या साड्या तिला देत असे. हिराजीभाऊ आत चहा घेत होते तेवढ्यात आम्ही दोघींनी ती मूर्ती कलती केली आणि मी हिरव्या काठाचा एक अख्खा तुकडा तिच्या पोकळीत घट्ट कोंबला. माठ बोटाने वाजवून पाहिल्यासारखं मी वरून टिचकी मारली. बद्द आवाज आला. मला समाधान वाटलं.

पुढच्या गुरुवारी हिराजीभाऊ आले नाहीत. नऊ महिन्यांत त्यांनी एकही खाडा केला नव्हता. मी दुपारच्या गाडीने हमरापूरला गेले. सुगंधा शेडच्या बाहेर अंगणात उभी होती आणि तिने तोंडावर बोट ठेवलं. तिने हळूच सांगितलं की त्या दिवसापासून आबा रोज गंधार लावत होते, तो बोलला नाही. काल संध्याकाळी परत लावला, तरी नाही. मग आबा म्हणाले की गप्प झाला म्हणजे आता वेळ झाली. आणि आज आंघोळ करून आत्ताच त्यांनी ब्रश मागितला.

आता मी काय केलं ते सांगते. मला नेम ठाऊक होता. पण ती त्या माणसाची शेवटची जोडी होती आणि ती मला बघायची होती. मी मागच्या दाराने आत गेले. ते दार नेमकं मूर्तीच्या समोर उघडतं. हिराजीभाऊंचा चेहरा मूर्तीपासून चार बोटांवर होता, त्यांना त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. मध्ये जमिनीवर तांब्या. त्याच्यामागे मी.

डावा डोळा झाला. वरची पापणी एका रेघेत, खालची एका रेघेत, मग बुबुळ. ते श्वास सोडायचे तेवढाच शेडमध्ये आवाज. मग उजवा. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका देतात, त्याने नजर येते. त्यांनी दोन्ही ठिपके लागोपाठ दिले आणि बाजूला झाले. मूर्तीने माझ्याकडे पाहिलं.

गणपती सगळीकडूनच आपल्याकडे पाहतो, चांगल्या आखणीची खूणच ती, हे मला माहीत आहे. मी डावीकडे सरकले तरी तो पाहत होता, तेही मी समजू शकते. पण मला तिथून निघता येईना. हिराजीभाऊ ब्रश पुसत होते. त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. मी श्वास धरून मागच्या मागे बाहेर पडले आणि त्यांना न भेटताच स्टेशनवर आले.

गणेशोत्सवात कमलताईंच्या ओटीवर आमच्या वर्गाची हजेरी असते. म्हणजे शिकणाऱ्या प्रत्येकाने गणपतीसमोर बसून येईल ते वाजवायचं, अगदी मोकळी तार ओढता आली तरी चालते. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमले. त्या वर्षी हमरापूरहून हिराजीभाऊही यायचे होते. मीच आग्रह केला होता. गाडीत ते आणि सुगंधा समोर, मी खिडकीशी. निडी स्टेशन गेल्यावर त्यांनी विचारलं की तो कुठे बसवलाय, दाराकडे तोंड करून की भिंतीकडे. मी म्हटलं, दाराकडे. पंधरा दिवसांत त्यांची नजर आणखी गेली होती. रोह्याला उतरताना त्यांनी पहिल्यांदाच सुगंधाचा हात धरला.

ओटीवर मखरात तो बसला होता. मी मुद्दाम खांबाआड जागा घेतली. कपाटवाल्या बाईंनी वाजवलं, एका बँकेतल्या गृहस्थांनी वाजवलं, सगळ्यांचे गंधार माझे, म्हणजे मी शिकवलेले. मखरातून काही आवाज नाही. मग हिराजीभाऊ बसले. सा, रे असं चढत त्यांनी तोच गंधार लावला, उतरलेला. मनात म्हटलं, हट्टी माणूस. आणि मखरातून त्याने उत्तर दिलं.

बारीक नाही. ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. कमलताईंनी हातातलं आरतीचं तबक खाली ठेवलं. हिराजीभाऊंनी गज थांबवला तरी तो सूर दोन-तीन क्षण राहिला. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, कारण मला एकच दिसत होतं: पोटात घट्ट कोंबलेला माझ्या साडीचा तुकडा. भरलेला माठ घुमत नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. रोह्याच्या फलाटावर सुगंधा पाणी आणायला गेली आणि मला राहवलं नाही. मी हिराजीभाऊंना सगळं सांगितलं, तुकडा मी भरला, तो गप्प झाला तो माझ्यामुळे, तुमची शेवटची जोडी मी फसवून काढून घेतली. बोलताना मला रडू आलं. मी विद्यार्थ्यांसमोर कधी रडले नव्हते.

त्यांनी रुळांच्या दिशेने तोंड केलं. मग म्हणाले, "मना म्हाईत हाय. पन्नास वरसं मूर्ती उचलतो, बाई. वजनावरनं समजतं. पाटावर घेतली तवाच समजलं का पोटात चिंधी हाय."

"मग काढली का नाही?"

"मना बी कारन पायजेलच व्हतं. नायतर मी डोले काढले नसते आनि आज ब्रश घेऊन आंधला बसलो असतो." मग ते म्हणाले, "आनि डोले काढल्यावर देवाच्या पोटात हात घालायचा नाय."

मी विचारलं, मग आज बोललं कोण? चिंधी तर आतच आहे.

"तुमीच शिकवलाय ना. सूर बरोबर लागला की सोबतचा बोलतो." त्यात टोमणा नव्हता. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आखनीच्या येलेला समोर कोन उबा व्हता?"

मी म्हणाले, मी. त्यांनी मान हलवली. तो जे ठेवून घेतो ते लगेच कळत नाही, सांभाळून राहा, एवढंच ते म्हणाले. मग सुगंधा पाणी घेऊन आली.

पाचव्या दिवशी विसर्जनाला मी मुद्दाम रोह्याला गेले. कुंडलिकेच्या घाटावर कमलताईंच्या पुतण्याने मूर्ती पाटावरून उचलली तेव्हा मी अगदी जवळ होते. बुडाखालून हिरवा काठ बाहेर आलेला मला स्पष्ट दिसला. तुकडा जागच्या जागी होता. पाण्यात जाताना त्याचं तोंड घाटाकडे होतं, नेहमी असतं तसंच.

यानंतर मला वाटलं की विषय संपला. सर्वपित्री झाली, नवरात्र आलं. एका सकाळी मी रियाजाला बसले आणि माझ्या गंधाराला भिंतीवरची बोलली नाही. मला वाटलं खुंटी सैल झाली, दमट हवेत होतं तसं. सूर दाखवणारं यंत्र लावून पाहिलं, तर भिंतीवरची तार जागेवर होती. खाली गेला होता माझा गंधार, केसभर. बोट वर सरकवलं की भिंतीवरची बोलायची, यंत्र बरोबर म्हणायचं, आणि माझ्या कानाला तो सूर ठार चुकीचा लागायचा. ज्या कानाच्या भरवशावर मी एकतीस वर्षं लोकांची बोटं सरकवली, तो कान माझा राहिला नव्हता. मी दोन महिने लपवलं. हिराजीभाऊंचं पेणला येणं गणपतीनंतर थांबलंच होतं. यंत्राकडे बघून शिकवलं, खोटं खोटं मान डोलावली. मग एक दिवस कंडक्टरकाका भीत भीत म्हणाले, बाई, आज तुमचा ग जरा उतरलाय का? त्या संध्याकाळी मी पाटी काढली. घरातून काही चोरीला जावं आणि फक्त आपल्यालाच ते ठाऊक असावं, तसं वाटत होतं. राग आला, हिराजीभाऊंचा, त्या मूर्तीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

डॉक्टरांनी कान तपासले. वयोमानाने होतं, म्हणाले. होतही असेल.

तीन महिने मी व्हायोलिनला हात लावला नाही. मग एका गुरुवारी काय वाटलं कोण जाणे, व्हायोलिनची पेटी उचलली आणि हमरापूरची गाडी धरली. शेड रिकामी होती, हंगाम संपलेला. कोपऱ्यात साचे रचून ठेवलेले आणि मध्ये हिराजीभाऊ मांडी घालून रियाज करत होते. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी दारातूनच त्यांचा गंधार ऐकला आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मला एक सूर बरोबर वाटला. मी तिथेच चौकटीला टेकून रडले.

त्यांनी गज थांबवला आणि कोण आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. माझं काय गेलं ते सांगायला मला फार बोलावं लागलं नाही. मी म्हटलं की हा गंधार मला येत नाही, तो माझ्या बोटात आलाय पण मी तो कधी शिकले नाही, आणि आता सहासष्टाव्या वर्षी पहिल्यापासून शिकायचं म्हणजे काय.

हिराजीभाऊंनी हात फिरवून शेजारची चटई चाचपडली आणि माझ्यासाठी सरळ केली.

"वयाची अट नाय, बाई," ते म्हणाले. "बसा."